मशीन बरोबर होती

गिटारीच्या तारा आपोआप सुरात लावणारी एक मशीन मी बनवली होती, आणि ती पहिल्याच कार्यक्रमात अगदी बरोबर चालली. सगळा घोटाळा तिथंच झाला. बंद पडली असती, धूर निघाला असता, तर किती बरं झालं असतं! लोक हसले असते, मी चार शिव्या घालून ती पिशवीत टाकली असती, आणि माझ्या अण्णाचे तीन आठवडे वाचले असते.

आम्ही बीदरच्या नौबादचे. वडील लवकर गेले. अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. दहावी झाल्या झाल्या तो पुण्याकडं एका कारखान्यात प्रेसवर लागला. प्रेस म्हणजे पत्रा ठोकून आकार द्यायचं यंत्र, सकाळी सुरू झालं की पाळी संपेपर्यंत धाडधाड, धाडधाड. त्या वर्षांत आमच्या गल्लीतली निम्मी पोरं अशी बाहेर होती. कुणी हैदराबादला, कुणी पुण्याला, दिवाळीला नवी बॅग आणि नवी चप्पल घालून यायची. अण्णाच्या बॅगेत माझी पुस्तकं असायची. त्याच्या पगारावर मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आणि इथंच एका खासगी आयटीआयमध्ये शिकवायला लागले. मशीनची गोष्ट सांगायची तर हे आधी सांगायलाच पाहिजे. त्याच्या खोलीवर एक मंगळुरी माणूस होता, त्यानं अण्णाला गिटार शिकवली. पुढं कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा अण्णा घरी आला, तो एक ट्रंक, एक गिटार आणि निम्मे कान घेऊन. ट्रंक आणि गिटार आम्हाला त्याच दिवशी दिसली. कान कळायला दोन वर्षं लागली.

कळलं तेही माझ्या वहिनीला. ती मला म्हणाली, "तुझा अण्णा माझ्याशी बोलायचं टाळायलाय असं वाटलं बघ मला. वर्षभर रुसून बसले मी. ह्यांना रुसवाबी कळंना. मग ध्यानात आलं, माणसाला ऐकूच येत न्हाई, तर रुसून काय करू!"

हसत हसत सांगितलं आणि पदर डोळ्याला लावला. आवाज अण्णाला यायचा, पण धूसर. शब्द वेगळे निघायचे नाहीत. मग तो सगळ्यालाच "व्हय, व्हय" म्हणायचा. भाजीवाल्याला व्हय, भावकीला व्हय, मला व्हय. कानाच्या डॉक्टरकडं मी ओढून नेलं एकदा. डॉक्टरनं कानात घालायची मशीन सांगितली. बाहेर आल्यावर अण्णा माझ्यावरच तापला. "कानात मशीन घालून स्टेजवर बसू व्हय मी? लोकं म्हणतील, भैरा गिटार वाजवायलाय!"

स्टेज म्हणजे आमची गायन पार्टी. आमच्या समाजातल्या लग्नांत, जयंतीला, नामकरणाला ही पार्टी बोलावत. मास्तर पेटीवर, एक ढोलकीवाला, एक बँजोवाला, मागं कोरस धरणारे तिघं, आणि अण्णाची गिटार. चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकी, पार इकडं उदगीरपर्यंत. गिटार असलेली पार्टी तेव्हा आमच्या भागात एवढीच. दिवसा अण्णा वेल्डिंगच्या दुकानात काम करायचा आणि तिथं तो "व्हय व्हय" म्हणणारा गरीब माणूस होता. स्टेजवर बसला की त्याची मान सरळ व्हायची. गिटार वाजवताना त्याच्याशी कुणाला बोलायचंच नसतं ना, म्हणून.

या पार्टीची एक रीत होती. कार्यक्रमाच्या आधी प्रत्येकानं येऊन मास्तरांच्या पेटीपुढं मांडी घालून बसायचं. मास्तर एक पट्टी दाबून धरायचे, भाता हलवत राहायचे. ढोलकीवाला दोरीच्या कड्या सरकवायचा, बँजोवाला खुंट्या पिळायचा, मास्तर मान हलवेपर्यंत. याला ते "सूर घेणं" म्हणत. उभ्यानं सूर घ्यायचा नाही, आणि सूर घेतल्याशिवाय वाजवायचं नाही. मला ही रीत ऐकून माहीत होती. मला ती मास्तरांची मिजास वाटायची.

तर त्या मोसमात अण्णाला सूर घेता येईना. तार वर गेली का खाली, कळेना. मास्तर त्याच्या हातातून गिटार घ्यायचे, स्वतः लावायचे, परत द्यायचे. पार्टीतले कुरकुर करू लागले. एक दिवस वहिनी आयटीआयच्या फाटकापर्यंत आली. "मास्तर म्हणायलेत, पुढच्या मोसमाला दुसरा गिटारवाला बघावा लागंल. पार्टीतून काढल्यावर हे माणूस घरात बसून काय करंल, सांग की. मला तर भ्याच वाटायलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या कानांनी माझी फी भरली ते कान गेले म्हणून याला काढणार? मी तिथंच ठरवलं. कानाला मशीन लावून घेत नाही ना? मग गिटारीला लावते.

आधी मी सोपं केलं. एक डबा, त्यात लाल आणि हिरवा दिवा. तार छेडली की तार ढिली का ताणलेली ते दिव्यानं दाखवायचं. हैदराबादेत असले तयार डबे मिळतात असंही कळलं होतं, पण मला कोण सांगणार! अण्णानं बघितलं आणि तोंड फिरवलं. "दिवे बघून सूर लावू? सिग्नलवर उभा हाय का मी?" तरी माझ्या समाधानासाठी लावून बघितलं. दिव्याकडं बघता बघता खुंटी जास्त पिळली, बारीक तार तुटली आणि त्याच्या गालावर सपकन बसली. वहिनी हळद घेऊन धावली. मी डबा उचलून पलंगाखाली सरकवला.

मग आठ दिवस विचार करून माझ्या डोक्यात आलं ते असं. दिवा लागला की लोकांना वाटणार, याला ऐकू येत नाही. पण मोटार फिरली, आणि खुंटी आपोआप पिळली गेली, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, "वा रे वा, ऑटोमॅटिक!" आमच्या भागात त्या शब्दाला भारी मान. मग ज्याला ऐकू येत नाही तोच सगळ्यात पुढारलेला ठरेल. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की वहिनीला मिठी मारली. ती भाकरी थापत होती, माझ्या पाठीवर दोन पिठाचे हात उमटले.

पुढचं जवळजवळ वर्ष माझे रविवार त्यात गेले. सामानासाठी हैदराबादला, कोठीच्या बाजारात. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारानं चष्म्यावरून बघत विचारलं, "क्या बनारे अम्मा?" मी सांगितलं. तो म्हणाला, "लोगां चांद पे जारे, तुम गिटार के कान मरोडरे!" आणि छोटीशी गिअरची मोटार पुड्यात बांधून दिली. तिच्या टोकाला मी सायकलच्या हँडलची रबरी मूठ कापून बसवली, खुंटी त्या खाचेत घट्ट बसायची. आवाज ऐकायला गजराच्या घड्याळातली पातळ पितळी चकती, ती कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं गिटारीच्या डोक्याला लावायची. आत एक चिप. तार सेकंदाला किती वेळा थरथरते ते चिप मोजणार, आणि आकडा जुळेपर्यंत मोटार फिरवणार. सहा तारा, सहा बटनं.

जाड तारेनं मला रडवलं. तिची थरथर मशीन दुप्पट मोजायची. मग मशीनला वाटायचं की तार फार ताणलीय, आणि मोटार ती ढिली करत सुटायची, इतकी की तार वाळत घातलेल्या धोतरासारखी लोंबायची. अण्णा पलीकडं बसून बघायचा आणि गालात हसायचा. "तुझ्या मशीनलाबी माझ्यासारखंच ऐकू यायलंय की गं." त्याच्या कानाबद्दल तो स्वतः बोलला ते त्या एकदाच. मला हसू आलं, आणि मी मान खाली घालून डबा पुन्हा उघडला. शेवटी दोन कपॅसिटर बदलले आणि ते जमलं.

एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मी सहाही तारा लावल्या. भिंतीवर पुस्तकातले आकडे लिहून चिकटवले होते. ब्याऐंशी, एकशे दहा, एकशे सत्तेचाळीस, असे वर तीनशे तीसपर्यंत. मशीनचे आकडे भिंतीवरच्या आकड्यांशी बरोबर जुळले. अण्णानं गिटार घेतली आणि वाजवली, आणि वहिनी म्हणाली, "अगं माय, किती गोड!" त्यानं तिच्या तोंडाकडं बघून ते ओळखलं. तो दिवस मला अजून आवडतो, पुढं काहीही झालं असलं तरी.

मे महिन्यात चिटगुप्प्याजवळच्या एका गावात लग्न होतं. मीही जीपमधून गेले, पहिल्यांदाच. बारा वाजता त्रिशरण-पंचशील झालं, लग्न लागलं, पंगती बसल्या आणि पार्टीनं स्टेजवर बस्तान मांडलं. मास्तरांनी पेटी उघडली, पट्टी दाबली. ढोलकीवाला जाऊन बसला, बँजोवाला बसला. अण्णा गिटार घेऊन उठायला लागला तसा मी त्याचा हात धरला. त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "आज मास्तरांपुढं बसू नको. सूर मशीन देती."

"मास्तरला वाईट वाटंल गं."

"वाटू दे!"

हे "वाटू दे" माझं. दुसऱ्या कुणाचं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आम्ही स्टेजच्या कडेला मशीन लावली. घुर्र घुर्र करत मोटार फिरायला लागली, खुंटी आपोआप वळायला लागली, आणि पंगतीतली माणसं हात तसेच खरकटे घेऊन उठून आली. "आरं, आपोआप फिरायलंय की!" "कुणी बनवलंय?" "बहिणीनं? आसं व्हय!" नवऱ्या मुलाचा मामा मोबाइलमध्ये फोटो काढत होता. अण्णाची मान अशी ताठ झाली होती की बस. मी मास्तरांकडं मुद्दाम बघितलं. त्यांनी पट्टीवरचं बोट उचललं आणि भाता सोडला.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीलाच ढोलकीवाल्यानं मान वर केली. पेटी एका गावात आणि गिटार दुसऱ्या गावात! मला सुरातलं फार कळत नाही, पण दात आंबावेत तसं ऐकायला होत होतं. कोरसवाले एकदा इकडं झुकत, एकदा तिकडं. आणि अण्णा? त्याला मशीननं सांगितलं होतं की सगळं बरोबर आहे. दोन वर्षं तो भीत भीत, हळू वाजवत होता, त्या दिवशी पहिल्यांदा मोकळ्या हातानं वाजवत होता. हसत होता. जोरात वाजवत होता.

मास्तर म्हणाले, "गिटार थांबव." अण्णा वाजवतच राहिला. मास्तर पुन्हा म्हणाले, माइकवरून. तरी अण्णा वाजवतोय. शेवटी बँजोवाल्यानं वाकून गिटारीची वायर उपसून काढली. स्पीकरमधली गिटार बंद झाली. अण्णाला ते कळलं नाही. अख्खा मंडप बघतोय आणि हा माणूस मान डोलवत, हसत, मुक्या गिटारीवर हात फिरवतोय.

मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्याला ऐकू येत न्हाई वाटतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जे झाकायला वर्ष घातलं ते मीच मांडवाखाली उघडं केलं.

परतताना जीपमध्ये अण्णा बराच वेळ बाहेर बघत होता. मग आपणच सगळ्यांना म्हणाला, "मशीन बरोबर व्हती. माझीच बोटं चुकली." घरी वहिनीला तेच. दुसऱ्या दिवशी दुकानात विचारायला आलेल्यांना तेच. मशीन बरोबर होती, बोटं चुकली. मला वाटलं, बहिणीला कुणी हसू नये म्हणून हा सगळं आपल्या अंगावर घेतोय. देवमाणूस आहे माझा भाऊ, असं वाटून मी परसात जाऊन रडले. आणि मग डोळे पुसून मला मास्तरांचाच राग आला. मशीन बरोबर, अण्णाची बोटं मी स्वतः बघत होते तीही बरोबर, मग चूक कुणाची? पेटीची!

त्याच संध्याकाळी मशीन पिशवीत घालून मी मास्तरांच्या घरी भांडायला गेले. ते दारात खाटेवर बसून बिडी ओढत होते. मी नमस्कारही केला नाही. म्हटलं, "पेटी काढा. ही पट्टी दाबा." ते उठले, पेटी आणली, पट्टी दाबली. मी चिमटा पेटीच्या लाकडाला लावला. पुस्तकात चारशे चाळीस पाहिजे. मशीनवर आकडा आला चारशे बावन्न. पुन्हा दाबायला लावली, पुन्हा चारशे बावन्न.

"बघा!" मी म्हणाले. "तुमची पेटी चुकीची आहे."

मास्तरांनी बिडी विझवली. "चढीच हाय ती. उदगीरच्या कारागिरानं आतल्या पितळी पत्त्या खरवडल्या तवापासून. ढोलकी तिच्यासंगं चढलेली, बँजो तिच्यासंगं चढलेला, कोरसवाल्यांचे गळे चढलेले. तुझ्या अण्णाची गिटारबी मी चढीच लावायलो इतके दिवस. पुस्तक बरोबर आसंल बाई. पण गाव करी ते राव काय करी? चौघात वाजवायचं तर चौघांचा सूर घ्यावा लागतोय. म्हणून तर पुढं बसायचं आसतंय. मी काय पाया पडून घ्यायला बसवतोय व्हय?"

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. डिप्लोमा माझा, मशीन माझी, आणि इतकी साधी गोष्ट मी विचारली नव्हती. त्या पेटीजवळ एकदासुद्धा मशीन नेऊन बघितली नव्हती. बघायचंच नव्हतं मला. मास्तरांकडून सूर घ्यायचा नाही, हाच माझा हट्ट.

मग मी खाली बघत विचारलं, "तुम्ही अण्णाला काढणार होता ना?"

"रागात बोललो आसंन. त्याला ऐकू येत न्हाई हे मला दोन वर्षं झाली ठाऊक हाय. म्या कुणाला बोललो का? म्हातारा झालोय, बोटं थरथरायलीत. माझ्या माघारी ह्याची गिटार कोण लावून देईल, हा घोर हाय." मग पेटी मिटत म्हणाले, "मशीन चांगली हाय तुझी. तिलाबी पेटीपुढं मांडी घालून बसायला सांग म्हंजे झालं. आणि घरी जाऊन आदी अण्णाला सांग, चूक त्याची न्हवती म्हणून."

मी "सांगते" म्हणाले.

आणि सांगितलं नाही.

हे लिहिताना अजून हात अडतोय. का सांगितलं नाही? कारण मशीन बरोबर होती असं सगळं नौबाद म्हणत होतं, आणि ते ऐकायला मला बरं वाटत होतं. कारण चूक घेऊन घरात जाण्यापेक्षा दुरुस्त केलेली मशीन घेऊन जावं, म्हणजे चूक आणि दुरुस्ती एकदमच सांगून होईल, असा माझा हिशेब. दोन-तीन दिवसांचं तर काम होतं. एक सातवं बटन बसवायचं. मास्तरांनी पट्टी दाबली की ते बटन दाबायचं, मशीन आधी पेटी ऐकणार आणि त्यावरून सहाही तारांचे आकडे स्वतः काढणार. पण घाईत मी चिपच जाळली. नवी चिप दुकानदारानं बाहेरून मागवली. एक रविवार गेला, दुसरा गेला. "थोडं थांब अण्णा, एक गंमत दाखवते," एवढंच मी म्हणत होते, आणि तो "व्हय, व्हय" म्हणत होता.

त्यानं गिटारीच्या तारा काढून गुंडाळून ठेवल्या होत्या. मास्तरांनी दोनदा निरोप धाडला, हा गेला नाही. मास्तर स्वतः एकदा येऊन गेले, तेव्हा मी आयटीआयमध्ये होते. अण्णा त्यांच्या पाया पडला म्हणे आणि आत जाऊन बसला. मी घरी सांगितलं असणारच असं धरून मास्तरांनी तो विषय काढला नाही. जेवताना अण्णा मधेच थांबून आपल्या डाव्या हाताकडं बघत बसायचा. मला वाटलं, वेल्डिंगनं भाजलंय काही.

तिसऱ्या रविवारी मी हैदराबादहून चिप आणली, सोमवारी बसवली. मंगळवारी सकाळी मास्तरांकडं जाऊन सातवं बटन दाबून बघितलं. चाललं! चारशे बावन्न धरलं आणि सहाही आकडे बरोबर काढले. मास्तर म्हणाले, "घेऊन ये त्याला." मी जवळजवळ पळतच घरी आले.

दारात वहिनी ट्रंक भरत होती. अण्णाची. "पुन्याला जायलेत," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. "वॉचमनचं काम मिळतंय म्हणे. मी म्हटलं, न ऐकू येणाऱ्या माणसाला राखण कोण देईल? तर म्हणायलेत, बघता तर येतंय की."

अण्णा अंगणात पायरीवर बसला होता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "अण्णा, मशीन चुकली होती." तो म्हणाला, "व्हय, व्हय." म्हणजे ऐकू गेलं नव्हतं. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. तो माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "न्हाई गं, मशीन बरोबर व्हती."

शेजारी नळावर बायका होत्या. समोर दुकानावर माणसं होती. हळू बोलून भागणार नव्हतं, आणि मला हळूच बोलायचं होतं. मग मी ओरडले. "मशीन चुकली होती अण्णा! माझी चूक होती! पेटी चढी आहे, मी विचारलंच नव्हतं! तुझी बोटं बरोबर होती!" नळावरची घागर भरून वाहायला लागली, कुणी हलेना. मी तिसऱ्यांदा ओरडले, "तुझी बोटं बरोबर होती!"

त्यानं डावा हात वर केला. उलटा सुलटा करून बघितला. "बोटं?" तो म्हणाला. "बोटं ठीक हायत माझी?"

"ठीक हायत! कधीच चुकली न्हाईत!"

तो हळूच, नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाला, "कान गेले ते मला म्हाईत हाय बाळे. ते कवाच गेले. पण मशीन बरोबर म्हटल्यावर मला वाटलं, बोटंबी गेली. म्हटलं, आता काय राहिलं. रोज सकाळी हितं पायरीवर ठिवून बघायलो, कुठलं बोट चुकायलंय म्हणून. कळंना." त्यानं दगडावर चार बोटं दाबून दाखवली, गिटारीवर धरतात तशी. "तुझी मशीन खोटं बोलंल आसं मला वाटलंच न्हाई."

म्हणजे तो माझ्यासाठी काही अंगावर घेत नव्हता. ते सगळं तो खरं मानत होता. मी परसात रडून आले, देवमाणूस म्हणाले, आणि हा माणूस माझ्यावर विश्वास ठेवून तीन आठवडे दगडावर बोटं तपासत बसला होता. एका वाक्यानं मिटलं असतं ते.

मी म्हणाले, "मला कधीच कळलं होतं, अण्णा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी." हे मी ओरडून म्हणाले नाही, पण त्यानं ओठांवरून वाचलं. बोलला असता, एक ठेवून दिली असती, तर मी सुटले असते. तो उठला, आत गेला आणि वहिनीला म्हणाला, "ट्रंकेत गिटारीच्या तारा हायत बघ, खाली, टॉवेलात गुंडाळलेल्या. त्या काढ."